घटक ५ : ‘ठरला’, ‘झाला’ आणि ‘होत गेला’ – ख्रिस्ती मराठीतील पवित्रीकरणाचा वाद

५.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हाला
• पवित्रीकरणाविषयीच्या तीन प्रमुख ख्रिस्ती भूमिका सांगता येतील.
• ‘ठरणे’, ‘होणे’ आणि ‘होत जाणे’ या क्रियारूपांतील अर्थभेद स्पष्ट करता येईल.
• वाशिम व वऱ्हाड परिसरातील ख्रिस्ती मंडळींची वैचारिक पार्श्वभूमी समजेल.
• मराठी ख्रिस्ती आत्मकथने वाचताना त्यांतील धर्मांतर आणि आंतरिक परिवर्तन यांत फरक करता येईल.

५.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, वाशिम म्हटले की वाकाटकांचे वत्सगुल्म आठवते. जिल्ह्यातील कारंजा, शिरपूर आणि पोहरादेवी ही तीर्थक्षेत्रे आठवतात. याच वाशिम शहरात १९३८ साली रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल सुरू झाले. त्याची उभारणी डॉ. ऑर्फा स्पायकर या वैद्यक मिशनरी बाईंनी केली. ज्या ‘चर्च ऑफ द नाझरीन’ने त्यांना येथे पाठवले, त्या चर्चची वेगळी ओळख एका शिकवणीवर उभी आहे. तारण मिळाल्यानंतर, याच आयुष्यात, एका निश्चित क्षणी देव माणसाचे मन पापाच्या ओढीपासून पूर्णपणे शुद्ध करू शकतो, ही ती शिकवण होय. तिला ‘संपूर्ण पवित्रीकरण’ म्हणतात.

सर्व ख्रिस्ती लोक हे मानत नाहीत. काहींच्या मते पवित्रीकरण आयुष्यभर चालते आणि मरणापूर्वी पुरे होत नाही. आणखी काहींच्या मते विश्वास ठेवला त्याच क्षणी माणूस पूर्ण पवित्र असतो. पुढे मिळवण्यासारखे काही उरत नाही.

हा वाद केवळ पंडितांचा नाही. एक प्रसंग कल्पा. रविवारच्या उपासनेत एक शेतकरी उभा राहून साक्ष देतो : देवाने माझे मन शुद्ध केले आहे. मंगळवारी शेताच्या धुऱ्यावरून भावाशी त्याचे कडाक्याचे भांडण होते. रात्री त्याला झोप लागत नाही. रविवारी आपण खोटे बोललो का? की ते शुद्धपण आज गेले? की ते आपल्यात नव्हतेच, फक्त ख्रिस्तात होते? या माणसाला कोणते उत्तर मिळते, यावर तो पुढच्या रविवारी मंडळीत जाईल की नाही, आणि गेला तर खरे बोलेल की नाही, हे अवलंबून असते.

आपण भाषेचे विद्यार्थी आहोत. कोणता पंथ बरोबर, हा निवाडा आपण करणार नाही. परंतु या वादाचा मोठा भाग क्रियापदांत दडलेला आहे, आणि तो उलगडून दाखवणे हे आपले काम आहे.

५.३ विषय-विवेचन

५.३.१ शब्दांची उकल

ख्रिस्ती मराठीतील चार संज्ञा प्रथम नीट समजून घेऊ.

(अ) नवा जन्म : विश्वास ठेवताच मनुष्याला देवाकडून मिळणारे नवे जीवन. येथे ‘पुनर्जन्म’ हा शब्द टाळला जातो, कारण मराठीत त्याला जन्म-मरणाच्या फेऱ्याचा अर्थ आधीच चिकटलेला आहे.

(आ) नीतिमान ठरवणे : हा न्यायालयीन भाषेतील प्रयोग आहे. न्यायाधीश आरोपीला निर्दोष ठरवतो, तेव्हा आरोपीचा स्वभाव बदलत नाही. त्याचे स्थान बदलते.

(इ) पवित्र : हिब्रू ‘कादोश’ आणि ग्रीक ‘हागिओस’ या शब्दांत देवासाठी वेगळे काढलेले, हा अर्थ प्रमुख आहे. मराठी घरातील ‘सोवळे’ आठवा. स्नान करून सोवळे नेसताच माणूस सोवळ्यात येतो. तो हळूहळू सोवळ्यात येत नाही, आणि तेवढ्याने त्याचा रागीट स्वभावही निवळत नाही. पवित्रतेला हा स्थानवाचक अर्थ आहे, तसाच मन व आचरण निर्मळ होण्याचा गुणवाचक अर्थही आहे. वादाची पहिली गाठ येथेच पडते.

(ई) पूर्ण : नव्या करारातील ‘तेलेइओस’ या विशेषणासाठी मराठीत ‘पूर्ण’ किंवा ‘परिपूर्ण’ हा शब्द येतो. ‘तेलेइओस’च्या मुळाशी ‘तेलोस’ म्हणजे शेवट किंवा उद्दिष्ट हा शब्द आहे. म्हणून त्याचा अर्थ ‘उद्दिष्टाला पोचलेला’, ‘प्रौढ’, ‘वयात आलेला’ असा होतो. मराठी ‘पूर्ण’ मात्र भरलेल्या भांड्याची आठवण देतो : ज्यात आणखी भर घालता येत नाही असे. पिकलेल्या आंब्याला आपण ‘तयार’ म्हणतो, ‘पूर्ण’ म्हणत नाही. ‘तेलेइओस’ पुष्कळदा या ‘तयार’च्या जवळचा असतो.

५.३.२ तीन क्रियारूपे, तीन भूमिका

पुढील वाक्ये पाहा.

(१) तो पवित्र ठरला.
(२) तो पवित्र झाला.
(३) तो पवित्र होत गेला.

पहिल्या वाक्यात निर्णय आहे, दुसऱ्यात घटना आहे, तिसऱ्यात प्रक्रिया आहे. ‘एका क्षणात’ आणि ‘वर्षानुवर्षे’ ही क्रियाविशेषणे जोडून हा भेद तपासता येतो. ‘तो एका क्षणात पवित्र झाला’ हे वाक्य सहज वाटते. ‘तो एका क्षणात पवित्र होत गेला’ हे खटकते. ‘तो वर्षानुवर्षे पवित्र होत गेला’ हे चालते. ‘तो वर्षानुवर्षे पवित्र ठरला’ म्हटले तर निकाल दरवर्षी नव्याने लागतो, असा भलताच अर्थ निघतो. क्रिया क्षणात संपते की पसरत जाते, हे दाखवणाऱ्या या अंगाला ‘क्रियाव्याप्ती’ म्हणतात.

‘ठरला’ची भूमिका : मार्टिन ल्यूथर यांच्या मते विश्वासी मनुष्य एकाच वेळी नीतिमान आणि पापी असतो, त्याचे नीतिमत्त्व ख्रिस्ताचे असून ते त्याच्या खाती जमा केले जाते. मोरेव्हियन बंधुसमाजाचे नेते काउंट झिंझेनडॉर्फ याच्या पुढे गेले. विश्वासाच्या क्षणीच माणूस पूर्ण पवित्र असतो; ही पवित्रता सर्वस्वी ख्रिस्तात आहे, माणसात नाही, आणि ती पुढे वाढतही नाही, असे त्यांनी मांडले.

‘होत जातो’ची भूमिका : कॅल्विनच्या परंपरेत नीतिमान ठरणे तत्काळ आहे, परंतु पवित्रीकरण ही खरीखुरी, मनुष्याच्या आत घडणारी आणि या जन्मी अपुरी राहणारी प्रक्रिया आहे. १६४६ साली तयार झालेल्या वेस्टमिन्स्टर विश्वासपत्राची हीच शिकवण आहे.

‘झाला’ची भूमिका : जॉन वेस्ली आणि त्यांच्यानंतरचे पवित्रतावादी पंथ म्हणतात की नव्या जन्माने वाढ सुरू होते, परंतु त्या वाढीच्या वाटेवर एक दुसरा निश्चित क्षण येऊ शकतो, ज्यात देव मन शुद्ध करून ते प्रेमाने भरतो.

५.३.३ वेस्ली ते वाशिम

जॉन वेस्ली (१७०३–१७९१) आणि झिंझेनडॉर्फ यांची ३ सप्टेंबर १७४१ रोजी लंडनमध्ये भेट झाली. संभाषण लॅटिनमध्ये झाले आणि वेस्लींनी ते आपल्या रोजनिशीत नोंदवले. विश्वासी मनुष्य प्रेमात वाढतो, तर तो पवित्रतेतही वाढत नाही का, असा वेस्लींचा प्रश्न होता. झिंझेनडॉर्फ यांनी ते मान्य केले नाही. आपला वाद शब्दांचाच असावा, असेही वेस्लींनी त्या संभाषणात सुचवले. पण त्याने मतभेद मिटला नाही. वाद ‘पवित्र’ या विशेषणावर चालला होता. दोघे त्यापुढे वेगवेगळी क्रियापदे लावत होते.

वेस्लींनी १७६६ साली ख्रिस्ती पूर्णतेविषयीचे आपले विचार पुस्तकरूपाने एकत्र केले. त्यात दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पहिली, ‘पूर्णता’ म्हणजे पूर्ण प्रेम; अज्ञान, चूक, आजार किंवा मोह यांपासून सुटका नव्हे. काटेकोर अर्थाने पाप म्हणजे माहीत असलेल्या आज्ञेचे जाणूनबुजून केलेले उल्लंघन, असे ते मानत. मराठीत आपण ‘पाप’ आणि ‘चूक’ वेगळे ठेवतो. हिशेबाच्या कागदावर ‘चूकभूल द्यावी घ्यावी’ लिहिणारा माणूस पापाची कबुली देत नसतो. वेस्लींचा भेद याच जातीचा आहे. मात्र चुकांनाही ख्रिस्ताच्या क्षमेची गरज असते, असे ते बजावतात. दुसरी गोष्ट, क्रमिक आणि तात्कालिक यांची सांगड. मनुष्य बराच काळ मरणपंथाला लागलेला असतो, तरी प्राण जाण्याचा एक क्षण असतोच. पापाला मरणेही तसेच, असा त्यांचा दृष्टांत आहे.

या शिकवणीचा अतिरेकही त्यांना पाहावा लागला. लंडनमधील त्यांचा अनुयायी जॉर्ज बेल आपण देवदूतांसारखे निर्दोष झालो, असा दावा करू लागला आणि २८ फेब्रुवारी १७६३ रोजी जगाचा अंत होईल, असे सांगू लागला. वेस्लींनी त्याचा जाहीर विरोध केला.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत फीबी पामर यांनी या अनुभवाचा ‘जवळचा मार्ग’ सांगितला : स्वतःला संपूर्ण देवाला वाहा, देवाच्या वचनावर विश्वास ठेवा, आणि मिळाले असे मानून साक्ष द्या. परिणामी वेस्लींच्या दोन बाजूंपैकी क्षणाची बाजू वजनदार झाली. या पवित्रता चळवळीतील काही गट १९०८ साली टेक्सासमधील पायलट पॉइंट येथे एकत्र आले आणि चर्च ऑफ द नाझरीनची स्थापना झाली. त्यांपैकी एका गटाचे मिशनरी त्यापूर्वीच, १८९८ साली, बुलढाण्याला पोचले होते. पुढे १९३० नंतरच्या दशकात वाशिमचे कार्य या चर्चकडे आले. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात त्याच चळवळीतील फ्री मेथडिस्ट मिशन काम करीत होते.

याउलट मुंबई व अहमदनगर येथील अमेरिकन मराठी मिशन आणि मुंबई-पुण्यातील स्कॉटिश मिशन यांचा वारसा कॅल्विनच्या परंपरेचा होता. म्हणजे मराठी ख्रिस्ती समाजाच्या पहिल्या पिढ्यांना प्रामुख्याने ‘होत जातो’ शिकवले गेले. वऱ्हाडात त्याला ‘झाला’ची जोड मिळाली.

५.३.४ शास्त्रवचनांतील क्रियारूपे

सर्व बाजू एकाच बायबलचा आधार घेतात. मग मतभेद का राहतो? तीन स्थळे पाहू.

करिंथकरांस पहिल्या पत्रात (६:११) पौल वाचकांविषयी धुतले जाणे, पवित्र केले जाणे आणि नीतिमान ठरवले जाणे या तिन्ही क्रिया भूतकाळात सांगतो. त्याच पत्राच्या तिसऱ्या अध्यायात मात्र तो त्याच लोकांना हेवा आणि कलह यांबद्दल बालके म्हणून फटकारतो. म्हणजे ‘पवित्र’ आणि ‘अपक्व’ ही दोन्ही विशेषणे एकाच मंडळीला लागू झाली.

फिलिप्पैकरांस पत्रात (३:१२) पौल आपण अजून पूर्ण झालो नाही, असे म्हणतो; तीनच वचनांनंतर ‘तेलेइओस’ हा शब्द वापरून तो स्वतःची गणना प्रौढांत करतो. क्रियापद अपूर्णता सांगते, विशेषण पक्वता सांगते.

इब्री लोकांस पत्रात (१०:१४) तर एकाच वाक्यात दोन्ही रूपे आहेत. ख्रिस्ताने पूर्ण केले, हे ग्रीक पूर्णकाळात आहे. ज्यांना पूर्ण केले ते लोक ‘पवित्र केले जात असलेले’ अशा वर्तमान धातुसाधिताने सांगितले आहेत. एक पक्ष पहिल्या क्रियेवर बोट ठेवतो, दुसरा दुसऱ्या क्रियेवर.

अनुवादकाची अडचण येथे लक्षात येईल. योहानाच्या पहिल्या पत्रात (३:९) देवापासून जन्मलेल्याविषयीचे क्रियापद ‘पाप करत नाही’ असे मांडावे की ‘पाप करीत राहत नाही’ असे? पहिल्या रूपाने माणसाच्या मनावर फार मोठा भार पडतो. दुसऱ्याने तो हलका होतो. पण त्याच पत्राने आरंभी (१:८) आपल्यात पाप नाही असे म्हणणाऱ्याला स्वतःची फसवणूक करणारा ठरवले आहे, हे दोन्ही वाचकांना विसरता येत नाही.

५.३.५ आत्मकथनांची साक्ष

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये झाला. १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या साक्षीत त्या सांगतात की तेव्हा त्यांना ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. तो अनुभव सुमारे आठ वर्षांनंतरचा आहे. पुढे १९०५ साली केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मोठी आध्यात्मिक जागृती झाली. मुलींनी अश्रू ढाळत पापांची कबुली दिली. तेथे रमाबाईंच्या सहकारी असलेल्या मिनी अब्राम्स मूळच्या मेथडिस्ट होत्या. त्यानंतर रमाबाई थांबल्या नाहीत. १९२२ साली मृत्यू येईपर्यंत हिब्रू व ग्रीक शिकून साध्या मराठीत बायबल आणण्याच्या कामात त्या गढलेल्या होत्या. त्यांच्या जीवनात क्षणही आहेत आणि त्या क्षणांच्या मधली दीर्घ वर्षेही आहेत.

१८५४ साली बाप्तिस्मा घेतलेल्या बाबा पद्मनजींनी आपल्या आत्मचरित्राला ‘अरुणोदय’ हे नाव दिले. दिवा पेटण्याचा क्षण सांगता येतो. उजाडण्याचा नेमका क्षण सांगता येत नाही. स्कॉटिश मिशनच्या परंपरेत वाढलेल्या लेखकाने निवडलेले हे शीर्षक अर्थपूर्ण आहे. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा. लक्ष्मीबाई त्यानंतर सुमारे पाच वर्षांनी ख्रिस्ती झाल्या. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना त्या वर्षांत सोवळ्या-ओवळ्याची मनातील गाठ कशी सैल होत गेली, याकडे लक्ष द्या. अशा लेखनात बाप्तिस्म्याच्या तारखेलाच संपूर्ण परिवर्तन मानले, तर पुस्तकाचा गाभा हातून सुटतो.

५.३.६ परिचित परिभाषेशी तुलना

क्रम आणि क्षण यांचा प्रश्न भारतीय विचाराला नवा नाही. वेदान्तात ‘सद्योमुक्ती’ आणि ‘क्रममुक्ती’ असा भेद आहे. जैन परंपरेत आत्म्याच्या विकासाची चौदा गुणस्थाने आहेत. चौथ्या गुणस्थानावर दृष्टी सम्यक झालेली असते, परंतु आचरणातील संयम अजून आलेला नसतो. अकराव्यावर पोचलेला साधकही खाली येऊ शकतो. कारंजा आणि शिरपूर यांच्या जिल्ह्यातील विद्यार्थ्याला ही परिभाषा परकी नाही. मात्र साम्य मांडताना भेद विसरू नये. गुणस्थानांत आत्मा स्वतःच्या पुरुषार्थाने चढतो. ख्रिस्ती पवित्रीकरणात मुख्य कर्ता देव आहे. ‘मी पवित्र झालो’ या वाक्यात हा कर्ता लपतो. ‘देवाने माझे मन शुद्ध केले’ या वाक्यात तो उघड होतो.

५.३.७ मूल्यमापन

आता धुऱ्यावरील भांडणानंतर झोप न लागलेल्या शेतकऱ्याकडे परत येऊ.

‘ठरला’ सांगणारा त्याला म्हणेल, तुझे देवापुढील स्थान हललेले नाही. यात मोठा दिलासा आहे. धोका असा की भावाची क्षमा मागण्याची निकड राहत नाही. ‘होत जातो’ सांगणारा म्हणेल, लढा चालूच राहील, उद्या पुन्हा उभा राहा. यात प्रामाणिकपणा आहे. धोका असा की बदल कायमचा पुढे ढकलला जातो. ‘झाला’ सांगणारा म्हणेल, देव तुझा राग मुळापासून काढू शकतो, आणि आजच. यात आशा आहे. धोका असा की साक्ष दिल्यानंतर राग आला, तर माणूस तो लपवू लागतो.

नाझरीन चर्चच्या श्रद्धाकलमांतच या शेवटच्या धोक्याची दखल आहे. तेथे शुद्ध मन आणि परिपक्व चारित्र्य यांत भेद केला आहे : पहिले क्षणात मिळते, दुसरे कृपेत वाढत गेल्याने येते. म्हणजे ‘झाला’ म्हणणाऱ्या पंथालाही ‘होत गेला’ची गरज पडते. कॅल्विनवाद्यांना ‘ठरला’ आणि ‘होत जातो’ अशी दोन्ही रूपे लागतात. तेव्हा पुष्कळसा वाद कोणत्या नामाला कोणते क्रियापद जोडायचे याचा आहे : स्थान ठरते, मन शुद्ध होते, चारित्र्य घडत जाते.

पण सगळा वाद व्याकरणाने सुटतो, असे समजू नका. मनाची शुद्धी ही या आयुष्यातील पुरी झालेली घटना असू शकते का, या प्रश्नावर खरा मतभेद उरतोच. आणि झिंझेनडॉर्फ यांना तर ‘होत जाणे’ पवित्रतेच्या बाबतीत मान्यच नाही. भाषेचा अभ्यास एवढे मात्र करतो, की त्या शेतकऱ्याच्या रविवारच्या वाक्याला घाईने खोटे ठरवू देत नाही. ते वाक्य मनाविषयी होते की चारित्र्याविषयी, हे आधी विचारायला लावतो. आणि भावाकडे जाऊन ‘माझे चुकले’ म्हणण्याचे कर्तव्य तिन्ही क्रियापदांनंतर शिल्लक राहते.

५.४ सारांश

पवित्रीकरणाविषयी निर्णय, घटना आणि प्रक्रिया अशा तीन भूमिका आहेत. ‘पवित्र’चे दोन अर्थ आणि ‘पूर्ण’ व ‘तेलेइओस’ यांतील अंतर यांमुळे वाद अधिक गुंतागुंतीचा होतो. वेस्ली आणि अमेरिकेतील पवित्रता चळवळ यांच्या मार्गाने ‘झाला’ची भूमिका बुलढाणा, वाशिम, यवतमाळ या भागांत आली. आत्मकथने वाचताना ही तिन्ही रूपे वेगळी ओळखणे आवश्यक आहे.

५.५ पारिभाषिक शब्द

पवित्रीकरण : मनुष्य देवासाठी वेगळा केला जाणे व आतून निर्मळ होणे.
संपूर्ण पवित्रीकरण : नव्या जन्मानंतर एका निश्चित क्षणी मन पूर्ण शुद्ध होणे.
साक्ष : देवाचा आलेला अनुभव मंडळीपुढे सांगणे.
क्रियाव्याप्ती : क्रिया क्षणिक, पूर्ण की चालू आहे हे दाखवणारे क्रियापदाचे अंग.

५.६ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

(एका वाक्यात उत्तरे लिहा.)
१. ‘नवा जन्म’ या अर्थी ‘पुनर्जन्म’ हा शब्द का टाळला जातो?
२. वेस्ली आणि झिंझेनडॉर्फ यांचे संभाषण कोणत्या वर्षी झाले?
३. काटेकोर अर्थाने पाप म्हणजे काय, असे वेस्ली मानत?
४. चर्च ऑफ द नाझरीनच्या श्रद्धाकलमांत कोणत्या दोन गोष्टींत भेद केला आहे?

उत्तरे : १. मराठीत त्याला जन्म-मरणाच्या फेऱ्याचा अर्थ रूढ असल्यामुळे तो टाळला जातो. २. ते १७४१ साली झाले. ३. माहीत असलेल्या आज्ञेचे जाणूनबुजून केलेले उल्लंघन म्हणजे पाप, असे ते मानत. ४. शुद्ध मन आणि परिपक्व चारित्र्य यांत भेद केला आहे.

५.७ सरावासाठी स्वाध्याय व उपक्रम

१. ‘स्थान ठरते, मन शुद्ध होते, चारित्र्य घडत जाते’ या विधानाचे सोदाहरण विवेचन करा. हे विधान झिंझेनडॉर्फ यांना मान्य झाले असते का, ते सांगा.
२. ‘अरुणोदय’ किंवा ‘स्मृतिचित्रे’ यांतील कोणतेही एक प्रकरण निवडून परिवर्तनवाचक क्रियापदांची यादी करा व त्यांची क्रियाव्याप्ती नोंदवा.
३. उपक्रम : आपल्या परिसरातील कोणत्याही धर्माच्या एका ज्येष्ठ व्यक्तीला, त्यांची अनुमती घेऊन, त्यांच्या आयुष्यातील आंतरिक बदलाविषयी विचारा. त्यांनी वापरलेली क्रियापदे टिपून घ्या. श्रद्धेविषयी वाद घालू नका. ‘झाले’ आणि ‘होत गेले’ ही रूपे त्यांनी कोणत्या गोष्टींसाठी वापरली, एवढेच दोन पानांत मांडा.